नळांना आटे पाडणारे यंत्र : अचूकता आणि सुरक्षितता यांचा इतिहास

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीचा इतिहास लिहिताना वाफेचे इंजिन, सूतगिरणी आणि आगगाडी यांना स्वाभाविकपणेच अग्रस्थान मिळाले. त्या मानाने ज्या लहान यंत्रांच्या आधारे शहरातील पाणी, वाफ आणि गॅस घराघरांत पोहोचले, त्यांची दखल इतिहासलेखनात फारशी घेतली गेलेली नाही. नळांना आटे पाडण्याचे यंत्र हे त्यांपैकीच एक होय. नवीन इमारतीच्या तळमजल्यावर लोखंडी घोडीवर उभे असलेले, तेलाने माखलेले आणि संथ गतीने फिरणारे हे यंत्र नेहमीच्या पाहण्यातले आहे. त्याच्या चकमध्ये नळाचा तुकडा पकडला जातो, तो फिरू लागतो, डाय त्याच्या टोकावर चढते आणि मिनिटाच्या आत नळाला आटे पडतात. हे काम पाहणाऱ्यास अत्यंत साधे वाटते.

प्रत्यक्षात या साध्या क्रियेत दोन वेगवेगळ्या गोष्टींचा इतिहास एकत्र आलेला आहे. पाडलेले आटे कोठेही तयार झालेल्या सॉकेटमध्ये घट्ट बसावेत, ही झाली अचूकतेची बाजू. ते पाडताना कामगाराची बाही, बोट किंवा हात फिरत्या नळाभोवती गुंडाळला जाऊ नये, ही सुरक्षिततेची बाजू होय. हाताने आटे पाडण्याच्या काळात या दोन्ही बाजू एकाच कौशल्याचा भाग होत्या. यंत्र आल्यानंतर अचूकता डाय, गेज आणि मानक यांच्याकडे गेली. सुरक्षितता मात्र दीर्घकाळ कामगाराच्या सावधपणावरच सोपविलेली राहिली. ही फारकत कशी झाली आणि ती कितपत भरून निघाली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

बंदुकीच्या नळीपासून गॅसच्या नळापर्यंत

विल्यम मरडॉक याने १७९२ साली कॉर्नवॉलमधील रेडरुथ येथील आपल्या घरात दगडी कोळशापासून काढलेल्या वायूचा दिवा लावला. १८१२ साली लंडनमध्ये गॅस लाइट अँड कोक कंपनीला राजसनद मिळाली आणि गॅस ही घरगुती चैन न राहता रस्त्यारस्त्यातून नेण्याची वस्तू झाली. रस्त्याखालचे मोठे नळ बिडाचे ओतीव असत. मात्र रस्त्यापासून घरात आणि घरातल्या भिंतीवरून दिव्यापर्यंत जाणारा नळ बारीक, लांब आणि चिवट असणे आवश्यक होते. बीड ठिसूळ असल्याने ते या कामास उपयोगी नव्हते.

ही अडचण प्रारंभी बंदुकांच्या नळ्यांनी भागविली, असे सांगितले जाते. नेपोलियनविरुद्धची युद्धे १८१५ साली संपली आणि निरुपयोगी झालेल्या बंदुकांच्या नळ्या एकमेकींना जोडून त्यांतून गॅस नेला गेला. या कथेत अतिशयोक्ती असू शकेल. तथापि बंदुकीची नळी आणि गॅसचा नळ हे दोन्ही एकाच प्रदेशातील कारागीर करीत होते, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. बर्मिंगहॅमजवळील वेन्सबरी हे त्यांचे केंद्र होते. तेथील कॉर्नेलियस व्हाइटहाउस याने १८२५ साली लोखंडी पट्टी तापवून, ती साच्यातून ओढून तिच्या कडा एकमेकींस सांधण्याची पद्धत पेटंट केली. जेम्स रसेल याच्या कारखान्यात ती वापरात आली. हातोड्याने ठोकून थोड्या लांबीची नळी करण्याऐवजी लांब नळ कमी वेळात तयार होऊ लागला.

नळ स्वस्त झाला, परंतु जोडाचा प्रश्न त्यामुळे अधिकच तीव्र झाला. एकाच घरात दहा-पंधरा ठिकाणी वळणे आणि फाटे लागत. प्रत्येक जोडास आटे हवेत, ते नळाच्या बाहेरून आणि जोडतुकड्याच्या आतून एकमेकांशी जुळणारे हवेत, आणि त्यातून वायू निसटता कामा नये. बोल्ट व नट यांचे आटे थोडे सैल असले तरी काम निभावते, कारण तेथे केवळ ओढ सहन करावयाची असते. नळाच्या आट्यांना ओढ सहन करून शिवाय गळतीही अडवावी लागते. यातूनच नळाच्या टोकाला किंचित निमुळता आकार देण्याची पद्धत रूढ झाली. सोळा भाग लांबीत व्यासात एक भाग फरक, असा हा उतार आहे. नळ जसजसा आत शिरतो तसतसा तो पाचरीसारखा आवळत जातो. राहिलेली फट सफेदा आणि ताग अथवा अलीकडे टेफ्लॉनची फीत भरून काढते. उतार चुकला तर नळ सुरुवातीलाच अडतो किंवा शेवटपर्यंत सैल राहतो. दोन्ही वेळी गळती ठरलेलीच असते.

व्हिटवर्थ आणि पंचावन्न अंशांचा कोन

हेन्री मॉडस्ले (१७७१–१८३१) याने अठराव्या शतकाच्या अखेरीस आटे कापणारा लेथ सिद्ध केला. त्यापूर्वीही असे प्रयत्न झाले होते. जेसी रॅम्सडेन याचे काम त्यांत महत्त्वाचे आहे. मॉडस्लेच्या लेथमुळे एकदा ठरविलेला आटा त्याच रूपात पुन्हापुन्हा कापता येऊ लागला. परंतु हा आटा त्या त्या कारखान्यापुरताच असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. यंत्र दुरुस्तीस आले की मूळ उत्पादकाकडेच जावे लागे.

मॉडस्लेच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ (१८०३–१८८७) याने १८३३ साली मँचेस्टर येथे स्वतःचा व्यवसाय सुरू केला. त्याने निरनिराळ्या कारखान्यांतून वापरात असलेले स्क्रू गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि त्यांचा मध्य साधून १८४१ साली लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे आट्यांची एकसमान पद्धत मांडली. आट्याच्या दोन बाजूंमधील कोन ५५ अंश, माथा व तळ गोलसर, आणि प्रत्येक व्यासास दर इंची आट्यांची ठरावीक संख्या, असे तिचे स्वरूप होते. ५५ हा आकडा कोणत्याही शास्त्रीय सिद्धांतातून आलेला नव्हता. प्रत्यक्षात चालू असलेल्या व्यवहाराची ती सरासरी होती, आणि बहुधा म्हणूनच ती कारखानदारांना मान्य करण्यास जड गेली नाही.

या पद्धतीची उपयुक्तता क्रिमियाच्या युद्धात (१८५४–५६) दिसून आली. नौदलास लहान युद्धनौकांसाठी सुमारे ९० इंजिने तातडीने हवी होती. जॉन पेन याने नमुन्याच्या इंजिनाचे भाग सुटे केले आणि ते निरनिराळ्या कारखान्यांकडे नमुना म्हणून पाठविले. वेगवेगळ्या ठिकाणी तयार झालेले भाग एकत्र आणून जोडता आले, याचे मोठे श्रेय व्हिटवर्थच्या मापांना दिले जाते.

नळांसाठी व्हिटवर्थच्याच कोनाची, परंतु अधिक बारीक आट्यांची वेगळी मालिका रूढ झाली. नळाची भिंत पातळ असल्याने बोल्टचे खोल आटे तिला पेलवत नाहीत. अर्ध्या आणि पाऊण इंची नळास दर इंची १४ आटे, तर एक इंचापासून पुढे ११ आटे, ही संख्या आजही कायम आहे. इंग्लंडमध्ये १९०१ साली स्थापन झालेल्या अभियांत्रिकी मानक समितीने १९०५ साली नळांच्या आट्यांचे स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. भारतीय कारागिरांच्या तोंडी असलेले ‘बी.एस.पी.’ हे नाव त्याच परंपरेतले आहे.

अमेरिकेने वेगळा मार्ग धरला. फिलाडेल्फिया येथील पास्कल आयर्न वर्क्समध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट ब्रिग्ज याने १८६० च्या दशकात नळांच्या आट्यांची मापे निश्चित केली. तेथे कोन ६० अंशांचा आहे. ब्रिग्ज याच्या मृत्यूनंतर, १८८६ साली नळ उत्पादकांनी आणि अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने ही मापे स्वीकारली. विशेष म्हणजे अर्ध्या आणि पाऊण इंची नळास अमेरिकेतही दर इंची १४ च आटे आहेत. परिणामी इंग्रजी पद्धतीचा अर्धा इंची नळ अमेरिकन पद्धतीच्या जोडात दोन-तीन फेरे सहज शिरतो आणि कामगारास तो बसला असे वाटते. कोन वेगळा असल्याने जोड मात्र खात्रीचा होत नाही. जेथे मापे अगदीच निराळी असतात तेथे चूक लगेच उघड होते. अशा जवळच्या मापांत ती जोडाच्या आत दडून राहते.

आटे न जुळण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे बाल्टिमोरच्या आगीने दाखवून दिले. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी लागलेली ही आग विझविण्यासाठी शेजारच्या शहरांतून बंब धावून आले. त्यांपैकी अनेकांच्या होजची तोंडे बाल्टिमोरच्या नळखांबांना बसेनात. सुमारे १,५०० इमारती जळाल्या. लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीची दुर्घटना याहून निराळ्या प्रकारची आहे. १६ मे १९६८ च्या पहाटे अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला आणि चौघांचा मृत्यू झाला. चौकशीत, गॅसच्या शेगडीचा जोड ज्या पितळी नटाने केला होता त्याची कड मानकापेक्षा पातळ असल्याचे आढळले. इमारत ढासळली ती मुख्यतः तिच्या बांधणीतील उणिवेमुळे, हे खरे. परंतु आरंभ एका नटापासून झाला. जोडाच्या कामातील अचूकता हीसुद्धा सुरक्षितताच असते. फक्त तिचा लाभ यंत्र चालविणाऱ्यास न होता वर्षांनंतर त्या घरात राहणाऱ्यास होतो.

हाताची डाय आणि विजेचे यंत्र

यंत्रापूर्वी आटे पाडण्याचे काम डायस्टॉकने होत असे आणि लहान कामांत आजही होते. नळ शिकंज्यात पक्का करावयाचा, दोन दांड्यांच्या चौकटीत बसविलेली डाय त्याच्या टोकावर दाबून धरावयाची आणि दांडी फिरवावयाची. थोडे पुढे, किंचित मागे, मधून तेल, असा तो क्रम असतो. एक इंची नळास आटे पाडताना खांद्यापासून मनगटापर्यंत सगळा जोर लागतो. काम कष्टाचे आहे यात शंका नाही. पण या कष्टातच एक प्रकारचे मोजमापही होते. डाय वाकडी चढली तर एका बाजूचा हात जड होतो. धार गेली तर दांडी अडते. तेल संपले तर आवाज बदलतो. हात थांबला की काम थांबते, कारण शक्ती त्याच हाताची असते. कारागिरास इजा होत नसे असे नव्हे. घसरलेली दांडी आणि धारदार चुरा यांनी हात फाटत. मात्र स्वतः फिरवीत असलेल्या डायमध्ये माणूस स्वतःच ओढला जाणे शक्य नव्हते.

कारखान्यांत पट्ट्याने चालणारी आटे पाडण्याची यंत्रे एकोणिसाव्या शतकातच आली. पुढे विसाव्या शतकात लहान विद्युत मोटार उपलब्ध झाल्यावर हे यंत्र कारखान्याबाहेर पडून थेट बांधकामाच्या जागी गेले. बहुतेक सुट्या यंत्रांत डाय स्थिर राहते आणि नळ फिरतो. ही रचना सोयीची आहे, कारण त्याच फिरत्या नळावर आधी कटर चालवून तो कापता येतो, मग आतली धारदार कोर रीमरने काढता येते आणि शेवटी डाय चढविता येते. तीन कामे एका पकडीत होतात. आतली कोर काढण्याचे काम घाईत टाळले जाते, असा अनुभवी फिटरांचा नेहमीचा आक्षेप असतो. कोर राहिली तर नळाचे तोंड आतून आवळलेले राहते, पाण्याचा दाब घटतो आणि गाळ तेथेच साचू लागतो. बाहेरून मात्र जोड निर्दोष दिसतो.

अचूकतेचा बराच भाग या यंत्रात डायच्या डोक्याकडे गेला. त्यात साधारणतः चार दातेरी तुकडे असतात. त्यांवर एक ते चार असे क्रमांक असतात आणि ज्या क्रमांकाचा तुकडा त्याच क्रमांकाच्या खाचेत बसवावा लागतो. कारण चारही तुकडे मिळून एकच सलग आटा कापतात. दोन तुकड्यांची अदलाबदल झाली तर आटे तुटक आणि कुरतडलेले येतात. किती लांबीवर थांबावयाचे तेही डायवरूनच ठरते. नळाचे टोक डायच्या दुसऱ्या कडेशी समपातळीत आले की खटका उघडावयाचा. पडलेले आटे योग्य आहेत की नाहीत, हे कड्याच्या आकाराच्या गेजने पाहिले जाते. गेज हाताने फिरवून घट्ट केल्यावर नळाचे टोक त्याच्या कडेपाशी, एखाद्या फेऱ्याच्या फरकाने, आले पाहिजे. तेलाचा पुरवठा अखंड हवा. कोरड्या डायने पाडलेले आटे दिसायला पूर्ण असले तरी त्यांचा पृष्ठभाग ओरबाडलेला असतो आणि कितीही फीत गुंडाळली तरी तो झिरपतो.

या सर्व बाबतींत यंत्राने हाताच्या कौशल्याची जागा घेतली. हाताला मिळणारी जाणीव मात्र त्याने काढून घेतली. नळ अडला तरी मोटार थांबत नाही.

हे यंत्र संथ असते आणि त्याचा धोका नेमका या संथपणात आहे. मिनिटाला ४० फेऱ्यांच्या आसपास फिरणारा नळ पाहून भीती वाटत नाही. आता याचे गणित करून पाहता येईल. एक इंची नळाचा बाहेरील व्यास सुमारे ३३.७ मिलिमीटर, म्हणजे त्याचा परीघ सुमारे १०६ मिलिमीटर असतो. मिनिटाला ४० फेरे याचा अर्थ, नळाच्या खरबरीत कडेला अडकलेली बाही सेकंदाला सुमारे सात सेंटिमीटर या वेगाने गुंडाळली जाते. मनगटापासून कोपरापर्यंतचे अंतर तीन-चार सेकंदांत संपते. माणूस ओढून घेण्याचा प्रयत्न करतो. पण फेरे कमी असल्याने यंत्राची पीळ देण्याची ताकद मोठी असते आणि पोलाद कापणाऱ्या यंत्रापुढे माणसाच्या ओढीचा निभाव लागत नाही.

हातमोज्यांचा प्रश्न याच संदर्भात समजून घ्यावा लागतो. आटे पडताना निघणारा चुरा धारदार असतो, म्हणून हातमोजे घालावेत असे कोणासही वाटेल. परंतु फिरत्या नळाजवळ हातमोजा हेच अडकण्याचे पहिले साधन ठरते. त्यामुळे यंत्र चालू असताना हातमोजे नकोत आणि यंत्र बंद करून चुरा काढताना ते हवेत, असा उलटसुलट नियम पाळावा लागतो. यंत्रांच्या माहितीपुस्तिका इतिहासाचे साधन म्हणून वाचल्या तर त्यांतील निषेध बरेच काही सांगून जातात. फिरत्या आट्यांवर फडके धरू नका. यंत्रावरून पलीकडे वाकू नका. जोडतुकडे घट्ट अथवा सैल करण्यासाठी यंत्राची शक्ती वापरू नका. मागे निघालेला लांब नळ आधाराविना सोडू नका. असे निषेध कोणी कल्पनेने लिहीत नाही. त्या त्या गोष्टी कामाच्या जागी वारंवार घडल्या, म्हणूनच त्या छापल्या गेल्या.

या यंत्राच्या रचनेत सुरक्षितता प्रत्यक्ष शिरली ती पायाने दाबावयाच्या स्विचच्या रूपाने. पाय दाबलेला असेतोवरच मोटार चालते, पाय उचलला की ती थांबते. हातांनी डायचा खटका धरला असतानाही यंत्र थांबविता येते, आणि तोल जाऊन माणूस मागे सरला तर ते आपोआपच थांबते. हाताच्या डायमध्ये जे नैसर्गिकपणे होते, म्हणजे माणूस थांबला की काम थांबणे, तेच येथे एका स्विचद्वारे परत आणलेले दिसते. म्हणूनच बिघडलेला फूट स्विच काढून तेथे साधे भिंतीवरचे बटण बसविणे, ही किरकोळ दुरुस्ती मानता येत नाही.

कायद्याने मोजलेली बोटे

फिरत्या यंत्रापासून कामगारास वाचविण्याची जबाबदारी मालकावर टाकणारी तरतूद इंग्लंडच्या १८४४ च्या कारखाना कायद्यात आढळते. व्हिटवर्थने आट्यांची पद्धत मांडल्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी हा कायदा झाला. तथापि या दोहोंचा प्रवास समांतर झाला नाही. मानक स्वीकारण्यात कारखानदाराचा फायदा होता, म्हणून ते आपोआप पसरले. यंत्रास कुंपण घालण्यात त्याचा खर्च होता, म्हणून तेथे निरीक्षक आणि दंड यांची गरज भासली.

भारतात पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला. शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. त्यात यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती, परंतु अपघात झालेल्या कामगाराच्या निर्वाहाविषयी काही नव्हते. ही उणीव मुंबईच्या गिरणी कामगारांनी स्पष्टपणे मांडली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये झालेल्या सभांतून जे निवेदन तयार झाले, त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. साप्ताहिक सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर वेतन या मागण्यांबरोबरच, काम करताना गंभीर इजा झालेल्या कामगारास बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी, अशी मागणी त्यात होती. लोखंडे यांच्या चळवळीची चर्चा बहुधा रविवारच्या सुटीपाशी येऊन थांबते. ही दुसरी मागणी तितकीच दूरदर्शी होती, आणि ती कायद्यात उतरण्यास जवळजवळ चार दशके लागली.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने ती मान्य केली. या कायद्याच्या परिशिष्टात, पुढे सुधारलेल्या स्वरूपात, शरीराच्या प्रत्येक भागाचे मोल टक्क्यांत दिलेले आहे. अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के, मधले बोट गेल्यास १२ टक्के घटली असे मानले जाई. तर्जनीचे एक पेर गेल्यास ९ टक्के. आट्यांच्या तक्त्यात आणि या तक्त्यात दिसणारे साम्य अस्वस्थ करणारे आहे; दोन्ही तक्ते कामगाराच्या हाताशीच संबंधित आहेत. नळाच्या कामात अंगठा आणि तर्जनी यांच्याशिवाय जोडतुकडा पहिल्या आट्यावर बसविता येत नाही, ही गोष्ट मात्र टक्केवारीत दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर झालेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाने अपघात होण्यापूर्वीच्या काळजीस अधिक विस्ताराने स्थान दिले. यंत्रांच्या फिरत्या भागांना कुंपण, संकटकाळी शक्तिपुरवठा तोडण्याची सोय आणि चालू यंत्राजवळ काम करणाऱ्या प्रशिक्षित कामगारासाठी अंगाबरोबर बसणारे कपडे, अशा तरतुदी त्यात होत्या. हे कपडे मालकाने पुरवावेत, असेही कायद्याने म्हटले होते. सैल बाहीचा दोष केवळ कामगाराच्या निष्काळजीपणाकडे नाही, याची ती कबुलीच होती.

भारतीय मानक आणि बांधकामाची जागा

मुंबईत विहार तलावाचे पाणी १८६० च्या सुमारास आले आणि १८६५ साली रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. इंग्लंडमधून आलेल्या नळांबरोबर व्हिटवर्थचे आटेही आले. १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांतून, रेल्वेच्या कार्यशाळांतून आणि त्याहून अधिक प्रमाणात उस्तादाच्या हाताखाली हे ज्ञान पसरले. इंचाचा आठवा भाग म्हणजे ‘सूत’ हे माप आणि ‘आटे पाडणे’ हा शब्दप्रयोग यांवरून परकीय तंत्र किती सहजपणे बोलीत मिसळले ते दिसून येते. ‘चार सुती’ नळाचा बाहेरचा व्यास मात्र २१.३ मिलिमीटर असतो आणि त्याच्या कोणत्याही भागात नेमके चार सूत सापडत नाही, हे शिकाऊ मुलास पहिल्याच आठवड्यात कळते. जुन्या जाड भिंतीच्या नळाचे नाव पुढच्या पातळ नळासही चिकटून राहिले, एवढाच त्याचा अर्थ.

१९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने १९५५ साली नळांच्या आट्यांचे आय.एस. ५५४ आणि १९५८ साली पोलादी नळांचे आय.एस. १२३९ ही मानके प्रसिद्ध केली. याच दशकात जमशेदपूर येथे टाटा आणि स्टुअर्ट्स अँड लॉइड्स यांच्या सहभागाने नळांचे उत्पादन सुरू झाले. १९५६ च्या कायद्यानंतर देशाने मेट्रिक पद्धती स्वीकारली. शेर, मण, वार मागे पडले. नळाचे नाव अर्धा इंची ऐवजी १५ मिलिमीटर झाले. त्यावरचे आटे मात्र दर इंची १४ आणि कोन ५५ अंशच राहिला. आंतरराष्ट्रीय मानकानेही नळांपुरती व्हिटवर्थची मापे कायम ठेवली आहेत. १९४८ साली अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा यांनी बोल्टच्या आट्यांबाबत समझोता केला, तेव्हाही नळांचे आटे त्यातून बाहेरच राहिले. भिंतींत आणि जमिनीत आधीच पुरलेले नळ बदलणे कोणासही परवडणारे नव्हते.

१९५० पासून सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून प्लंबर व फिटर हे व्यवसाय शिकविले जाऊ लागले. अलीकडच्या काळात घरगुती पाण्यासाठी प्लास्टिकचे नळ सर्वत्र आल्याने आटे पाडण्याचे काम घटले, हे खरे. परंतु अग्निशमनाच्या नळव्यवस्थेत आणि घरगुती गॅसच्या नळांत ते टिकून आहे. मुंबईत महानगर गॅस कंपनीची स्थापना १९९५ साली झाली आणि इमारतींच्या बाहेरून वर चढणारे जस्ताचा मुलामा दिलेले नळ पुन्हा परिचयाचे झाले. गॅससाठी लोखंडी नळास आटे पाडण्याचे लंडनमध्ये सुरू झालेले काम जवळजवळ दोन शतकांनंतर मुंबईच्या भिंतींवर नव्याने चालू झाले.

या कामाच्या अचूकतेची परीक्षा होते. नळात दाब भरून तो ठरावीक वेळ टिकतो का ते पाहतात, जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडा येतो का ते तपासतात. यंत्र चालविणाऱ्याच्या सुरक्षिततेची अशी परीक्षा घेण्याचा प्रश्न कायद्याच्या व्याख्यांत अडकतो. १९४८ च्या अधिनियमानुसार शक्तीचा वापर असलेल्या जागी किमान दहा कामगार असतील तर तो कारखाना ठरत असे. हा अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली असून तिने कारखान्यासाठी ही संख्या वीस केली आहे. १९२३ चा नुकसानभरपाई कायदाही त्याच वेळी सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. बांधकाम कामगारांसाठी झालेला १९९६ चा कायदाही दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरताच होता. मोठ्या प्रकल्पावर काम करणारा फिटर या मोजणीत येऊ शकतो. जुन्या इमारतीतील नळ बदलण्यासाठी यंत्र टेम्पोत घालून नेणारा प्लंबर आणि त्याचे दोन मदतनीस मात्र कोणत्याही मोजणीत बसत नाहीत. त्यांना बाही दुमडण्याची आठवण करून देणारी यंत्रावर चिकटविलेली इशाऱ्याची पट्टी तेवढी असते. ती बहुधा इंग्रजीत छापलेली असते आणि काही महिन्यांत तेलाने वाचता येईनाशी होते.